अजून आहेत ना ते?

गेले सात-आठ महिने दर शनिवारी सकाळी मी एका नाटककाराच्या घरी जातो. नाव सांगत नाही, त्यांनीच सांगू नकोस म्हटलंय. ऐंशीच्या पुढचे आहेत, पुण्यात राहतात. त्यांची नाटकं तुम्ही पाहिली नसली तरी नाव कानावरून गेलं असेल. माझी एक मैत्रीण त्यांची कागदपत्रं लावते. छंद म्हणून नाही, काम म्हणून. ग्रंथालयशास्त्र शिकलेली आहे, आधी एका कॉलेजच्या लायब्ररीत होती, ते सोडून इकडे आली. कपाटाच्या तळाशी तिला फ्लॉप्यांचा एक डबा सापडला तेव्हा तिने मला फोन केला. "तू कॉम्प्युटरवाला ना? मग ये." गेलो, तो अडकलोच.

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न काय आला असेल? "अरेरे. कधी गेले?"

गेले नाहीत रे बाबा. परवाच माझ्याबरोबर दोन प्लेट पोहे खाल्ले.

"अजून आहेत ना ते? मग आर्काइव्ह कसलं करताय?"

मला वाटलं हा आमच्या हिंजवडीवाल्यांचा प्रश्न. आपण पडलो अडाणी. पण नाही. हाच प्रश्न मैत्रिणीला घरी विचारतात, लग्नाकार्यात विचारतात. पैसे मागायला आम्ही एका नामवंत सांस्कृतिक संस्थेत गेलो तेव्हा तिथल्या पदाधिकाऱ्यांनीही तोच विचारला, फक्त जास्त चांगल्या मराठीत. "सरांना उदंड आयुष्य लाभो. योग्य वेळी आपण नक्की काहीतरी भव्य करू." चहा पाजला, दारापर्यंत सोडायला आले. बाहेर पडल्यावर मैत्रीण म्हणाली, "योग्य वेळ म्हणजे कुठली ते कळलं ना तुला?"

कळलं. आणि तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून हे लिहितोय.

आपल्या धंद्यात एक शब्द आहे, केटी. नॉलेज ट्रान्सफर. माणसाने राजीनामा दिला की नोटीस पीरियडमध्ये त्याच्या शेजारी दुसरा माणूस खुर्ची ओढून बसतो आणि विचारतो, "हे असं का केलंय? हा फ्लॅग कशाला आहे? ही कॉमेंट कुणी लिहिली?" शेवटच्या दिवशी केक कापतात. समजा मॅनेजर म्हणाला, की त्याला सुखाने जाऊ दे, गेल्यावर आपण त्याच्या डेस्कचा ड्रॉवर उघडून बघू. वेड्यात काढाल की नाही त्याला? मग पन्नास वर्षं नाटकं लिहिलेल्या माणसाच्या बाबतीत ह्याच वेडेपणाला आपण आदर म्हणतो, ते कसं?

मैत्रिणीचं काम नेमकं काय ते आधी सांगतो, कारण लोकांना वाटतं ती कागदावरची धूळ झटकते. झटकतेही. टाचण्या आणि स्टेपल काढते, कारण त्या गंजतात आणि कागद खातात. पण कागद आपल्या मनाने लावत नाही. ज्या गठ्ठ्यात जे होतं ते त्याच गठ्ठ्यात, त्याच क्रमाने ठेवते. मला सुरुवातीला हे फारच गबाळं वाटलं. मी म्हटलं, तारखेप्रमाणे सॉर्ट कर की. तर म्हणाली, किराणाचं बिल दुसऱ्या अंकाच्या मध्ये आहे ते का आहे हे तुला माहितेय का? नाही ना? मग हात लावू नकोस. (ते बिल मागच्या बाजूने बघितलं तर त्यावर तिसऱ्या अंकाचा शेवट होता. पेन्सिलीने. सात ओळी.)

प्रत्येक गठ्ठ्याला नंबर, प्रत्येक गठ्ठ्याचं वर्णन, आणि शेजारी एक वही. ह्या वहीत प्रश्न. खरं काम ही वही आहे. ती शुक्रवारी रात्री प्रश्न लिहिते, शनिवारी ते विचारते आणि सर बोलतात. मी रेकॉर्डर चालू करतो आणि गप्प बसतो, म्हणजे निदान प्रयत्न करतो.

एक उदाहरण सांगतो. सत्तरच्या दशकातल्या एका नाटकाची प्रॉम्प्टरची प्रत आहे. प्रॉम्प्टिंगची प्रत म्हणजे विंगेत उभा राहून संवाद सुचवणाऱ्या माणसाची वही. नाटकात जे खरोखर बोललं जातं ते हिच्यात असतं, छापील पुस्तकात असतंच असं नाही. ह्या प्रतीत पान ४१ वर एक लांबलचक भाषण निळ्या पेन्सिलीने अर्धं खोडलंय. भाषण सत्तेबद्दल आहे. काळ बघा, भाषण बघा, निळी पेन्सिल बघा. उद्या कुणीही पीएचडीवाला त्यावर चाळीस पानं लिहील: आणीबाणी, दडपण, लेखकाने स्वतःवर लादलेली सेन्सॉरशिप. मीही मनातल्या मनात दहा पानं लिहिली होती. मैत्रिणीने विचारलं, "सर, हे का कापलंत?"

सर हसायला लागले. म्हणाले, "अगं, त्याला दमा होता. एका दमात होईना बिचाऱ्याला. तिसऱ्या प्रयोगाला खोकतच सुटला, लोकांना वाटलं अभिनय आहे, टाळ्या दिल्या. म्हणून कापलं."

ही गंमत इथेच संपली असती तर चुटका म्हणून ठीक होती. पण त्याच प्रतीत पान ६७ वर आणखी एक काट आहे, चार ओळींची. ती का, ते सरांना आठवेना. वहीत नोंद झाली, "आठवत नाही." पुढे दोन महिन्यांनी एका रात्री अकरा वाजता त्यांचा तिला फोन. "ते सदुसष्ट पान. ते मात्र मंडळाने कापायला लावलं होतं. मी विसरलो नव्हतो गं, मला विसरायचं होतं." एवढं बोलून फोन ठेवला.

आता मला सांगा, हे कुठल्या गौरवग्रंथात येणार? एकदा येऊन, तीन कॅमेरे लावून, दोन तासांची मुलाखत घेऊन जाणाऱ्याला दमा मिळाला असता. सदुसष्ट पान मिळालं नसतं. त्याला कुणीतरी दर आठवड्याला येणारं लागतं, ज्याला फोन करायला लाज वाटत नाही असं कुणीतरी.

आणि कागद जपायची आपल्याला अक्कल नाही असं मी मुळीच म्हणत नाही. उलट ह्याच पुण्यात पेशवे दप्तर आहे, मोडीतले कोट्यवधी कागद. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं छापायला घेतली, गावोगाव फिरले, लोकांच्या माळ्यांवरून रुमाल काढले, २२ खंड झाले. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. पुढे सरदेसायांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ भागांत काढले. ह्या सगळ्यांपुढे मी खरोखर वाकून नमस्कार करतो. फक्त एवढंच म्हणतो, की आपल्याला कागदाची आठवण येण्यासाठी माणूस मरून दीड-दोनशे वर्षं व्हावी लागतात. नाना फडणवीसांनी कुणाला काय लिहिलं ते आपण शोधून शोधून वाचतो. पण त्याच नानांना १९७२ साली स्टेजवर आणलं गेलं, त्या 'घाशीराम कोतवाल'चं काय? १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबवलं, मग थिएटर अकॅडमी उभी राहिली, नाटक जगभर गेलं. तेंडुलकरांची संहिता छापील आहे, छान आहे. पण ती नुसती वाचून बघा एकदा. ती माणसांची भिंत, तो हलता पडदा, चंदावरकरांचं संगीत, मुळ्यांनी बसवलेल्या चाली, हे सगळं कागदावर किती उरतं? तेंडुलकर २००८ साली गेले. जे विचारायचं राहिलं ते राहिलं. १९७६ साली ह्याच नाटकावरून फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या मंडळींनी युक्त नावाची सहकारी संस्था काढून सिनेमा केला होता. त्याची प्रत टिकली ती बर्लिनच्या आर्सेनाल नावाच्या संस्थेत, आणि ती नीट करून डिजिटल केली तीही त्यांनीच. पुण्याचा कोतवाल, आणि त्याचं दप्तर बर्लिनला!

तेव्हा "बाहेरच्या देशात बघा" हे वाक्य मला स्वतःला अजिबात आवडत नाही, पण आता बघावंच लागेल.

इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या किनाऱ्यावर स्कारबरो नावाचं गाव आहे. समुद्र, भजीवजा मासे आणि निवृत्त लोक. तिथे ॲलन एकबर्न हे नाटककार १९५७ पासून रमले. जन्म १९३९ चा, पहिलं नाटक १९५९ साली आलं, एकूण नव्वदच्या वर नाटकं, त्यातली बहुतेक पहिल्यांदा त्याच गावात झाली. १९७२ ते २००९ तिथल्या थिएटरचे ते कलादिग्दर्शकही होते. ह्या गृहस्थांना हयातीतच स्वतःचा अर्काइव्हिस्ट मिळाला. सायमन मर्गट्रॉइड. कुठलं नाटक कधी लिहिलं, पहिल्या प्रयोगात काय होतं, नंतर काय बदललं, कुठली आवृत्ती प्रयोगाला घ्यावी, कुठलं नाटक लेखकाने मागे घेतलंय, हे सांगणारा एक माणूस, आणि सगळ्या नाटकांची तपशीलवार माहिती कुणालाही वाचता येईल अशी मांडून ठेवलेली. २०११ साली यॉर्क विद्यापीठाने एकबर्न यांचे कागद रीतसर विकत घेतले. लेखक तेव्हा नवी नाटकं लिहीतच होता. कुणी म्हणालं नाही की योग्य वेळ येऊ दे. २००६ साली त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. योग्य वेळ कशी येते ते बहुधा तिथल्या लोकांना तेव्हा दिसलं असावं, हा आपला माझा अंदाज.

ह्यातलं एक नाटक तर आपल्या लोकांनी बघायलाच हवं. १९८२ चं 'इंटिमेट एक्स्चेंजेस'. बागेत एक बाई येते, समोर सिगरेटचं पाकीट. ती ओढते किंवा नाही ओढत. बस, तिथे ब्रांच. पाच सेकंदांनी एक निर्णय, मग पाच दिवसांनी, मग पाच आठवड्यांनी, मग पाच वर्षांनी. होता होता १६ शेवट. दहा पात्रं, आणि ती सगळी मिळून दोनच नट करतात. ज्याने आयुष्यात एकदा तरी मर्ज कॉन्फ्लिक्ट सोडवलाय त्याला हे वाचून घाम फुटेल. आता हे नाटक बसवायला घेतलेल्या दिग्दर्शकाला प्रश्न पडले तर तो कुणाला विचारणार? पुस्तक तर दोन खंडांत आहे. पण पुस्तकाला "असं का?" विचारता येत नाही.

दुसरी गोष्ट बेकेटची. आयुष्यभर मुलाखतींना चुकवणारा माणूस. १९७१ साली रेडिंग विद्यापीठात जेम्स नोल्सन यांनी त्याच्यावर एक प्रदर्शन भरवलं आणि तिथून संग्रह उभा राहिला. बेकेटने स्वतः हस्तलिखितं देत देत तो वाढवला. ह्याच माणसाने १९७५ साली बर्लिनमध्ये 'गोदो' स्वतः बसवलं आणि बसवताना स्वतःचीच छापील, जगप्रसिद्ध संहिता बदलली. नोबेल मिळून सहा वर्षं झाली होती! म्हणजे छापलं की झालं हा समज खोटा. त्याच्या दिग्दर्शनाच्या वह्या राहिल्या म्हणून त्या पुढे छापता आल्या. आणि एवढं सगळं असूनही नोल्सनना चरित्रासाठी सलग बोलणं मिळालं ते १९८९ मध्ये, बेकेटच्या शेवटच्या काही महिन्यांत. अठरा वर्षांची ओळख होती म्हणून मिळालं.

आता थोडा कायदा, कंटाळा करू नका. इंग्लंडमध्येही नाटकाला सेन्सॉर होतं. लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीत संहिता द्यावी लागे. १९६८ च्या कायद्याने ते सेन्सॉर गेलं. पण जाताना त्यांनी काय केलं बघा, त्याच कायद्यात कलम घातलं की नव्या नाटकाच्या संहितेची एक प्रत पहिल्या प्रयोगापासून महिन्याभरात राष्ट्रीय संग्रहात द्यायची. कापायला नाही, ठेवायला. आणि जुन्या सेन्सॉरकडच्या संहिताही आज ब्रिटिश लायब्ररीत वाचायला मिळतात. आपल्याकडे काय आहे? छापलेल्या पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना द्यावी असा १९५४ चा कायदा. पण जे नाटक छापलंच नाही, नुसतं तीनशे प्रयोग करून थांबलं, त्याचं काय? त्याची संहिता सक्तीने मागणारी कचेरी महाराष्ट्रात एकच, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. म्हणजे मराठी नाटक ज्याला कायद्याने वाचावंच लागतं असा एकमेव वाचक सेन्सॉर. त्यांनी सेन्सॉरचं दप्तर केलं, आपण दप्तराच्या जागी सेन्सॉर ठेवलं.

असो. फ्लॉप्यांकडे येतो, कारण माझी हद्द तीच.

सरांनी १९९६-९७ पासून नाटकं एका डीटीपीवाल्याकडे टाइप करून घेतली. डीटीपी म्हणजे अर्थातच श्रीलिपी, आकृती, आयएसएम वगैरे फॉन्ट. तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो: युनिकोड रुळायच्या आधी मराठी असं काही कॉम्प्युटरला माहीतच नव्हतं. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. फॉन्ट असेल तर मराठी दिसतं, फॉन्ट गेला की डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हांची खिचडी. महाराष्ट्रातली एका पिढीची कितीतरी पुस्तकं, मासिकं, नाटकं ह्या खिचडीत आहेत. हस्तलिखित दोनशे वर्षांनीही निदान दिसतं तरी. फ्लॉपी वीस वर्षांत मुकी होते. आमच्या डब्यातल्या ३१ पैकी ९ वाचल्याच गेल्या नाहीत.

उरलेल्या मी उघडल्या. आधी जशाच्या तशा प्रती काढल्या, चेकसम घेतले, तीन ठिकाणी ठेवल्या, मग कन्व्हर्टर चालवला. ह्या जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, जसं डोळ्याला दिसतं तसं. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. कन्व्हर्टर इथे मार खातो. आमच्या कन्व्हर्टरने काही ठिकाणी रफार गिळले आणि एका पात्राच्या तोंडी वाक्य आलं, "ह्या सगळ्याला अथ नाही." अर्थ नाही, असं होतं. पण 'अथ' हाही शब्द आहेच! स्पेलचेक खूष. मी खूष. सरांना प्रिंट दाखवली तर त्यांनी चष्मा वर केला. "काय इंजिनियर, हे मी लिहिलं?" मग थोडा वेळ बघत बसले आणि म्हणाले, "चांगलंय पण. ठेवूया का?" मैत्रीण ओरडली, "सर, अजिबात नाही." शेवटी नोंद अशी झाली: मूळ पाठ 'अर्थ', रूपांतरात 'अथ', लेखकाला दुसरा आवडला, दिनांक अमुक. वीस वर्षांनी हीच प्रिंट एखाद्या समीक्षकाच्या हाती लागली असती तर 'अथ' आणि 'इति' ह्यावर त्याने काय काय लिहिलं असतं, विचार करा.

आता आक्षेप. सगळ्यात जास्त ऐकलेला म्हणजे, "यूट्यूबवर आहे की सगळं." ह्याला मी उत्तर देत नाही. ज्याने दुसऱ्या रांगेतल्या कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं नाटक पाहिलंय, त्यात पुढच्या बाईचा अंबाडा पाहिलाय, त्याला कळेल.

दुसरा जरा गंभीर आहे. माणूस जिवंत असेपर्यंत तो स्वतःच स्वतःची प्रतिमा घडवत बसणार, नको ते फाडणार. खरंय. सरांनी फाडायला घेतलंच होतं. बावीस-तेविसाव्या वर्षी लिहिलेलं एक नाटक, कधीच न झालेलं. ट्रंकेतून निघालं तशी त्यांनी चार पानं वाचली आणि म्हणाले, "हे ठेवायचं नाही." मला वाटलं मैत्रीण आता गयावया करेल. तिने वही उघडली. म्हणाली, "फाडा. वही तुमची, नाटक तुमचं. फक्त माझ्यासमोर फाडा, म्हणजे मला लिहिता येईल, लेखकाने स्वतः नष्ट केलं, आजची तारीख. आणि एका ओळीत कारण सांगा." सर पाच मिनिटं ती वही मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, सुतळी आण. ते बाड आता बांधून, लाख लावून ठेवलंय, वर लिहिलंय की त्यांच्या पश्चात दहा वर्षं उघडायचं नाही. एकबर्न यांनीही सुरुवातीची काही नाटकं प्रयोगांना बंद केली आहेत, पण ती यादीतून पुसली गेलेली नाहीत. माणूस गेल्यावर घर आवरताना मुलं-सुना-भाचे जे फाडतात त्याची नोंद कोण करतं? ते बिचारे वाईट नसतात, त्यांना फ्लॅट रिकामा करायचा असतो.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मी थोडा नरम पडतो. नाटक एकट्या लेखकाचं नसतं, मग लेखकाचंच दप्तर कशाला? नेपथ्यवाल्याने, प्रकाशयोजनाकाराने, नऊवारी नेसवायला येणाऱ्या बाईंनी काय पाप केलंय? काहीच नाही. हे बरोबर आहे आणि ह्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच पाहिलंय की लेखकाच्या गठ्ठ्यातून बाकीचे बाहेर येतात. त्या दम्याच्या नटाचं नाव कुठल्याही पुस्तकात नाही. आमच्या वहीत आहे.

पैशाचं बोलतो आणि थांबतो. सरांच्या बैठकीत एक काचेचं कपाट आहे, भिंतभर. त्यात स्मृतिचिन्हं. पितळी नटराज सहा आहेत, मी मोजले. शाली कुठे ठेवायच्या हा प्रश्न असल्यामुळे त्या पलंगाखाली, आणि पलंगाखालच्या शालींच्या मागे ढकललेल्या ट्रंकेत नाटकं. पंचाहत्तरी झाली तेव्हा सत्कार झाला, मंडप, फुलं, पाहुण्यांची विमानाची तिकिटं, जेवण. ज्या संस्थेने केला तिच्याकडे मैत्रिणीच्या पगारासाठी तरतूद नाही. एका खासगी ट्रस्टने एक वर्षाचं मानधन दिलं, ते मार्चला संपतंय. ते पूर्ण वर्षाचं मानधन माझ्या दोन महिन्यांच्या पगारापेक्षा कमी आहे. आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये मेलेले भाऊराव स्वतःच्या मरणाचं कीर्तन स्वतःच करतात, जुन्याच मसणात जाळा म्हणून हट्ट धरतात. १९७४ चं नाटक. आपण बहुधा ते फारच मनावर घेतलंय. आपल्याला वाटतं गेलेला माणूस उठून सांगेल सगळं.

सरकारने करावं, विद्यापीठाने करावं, सगळं मान्य. तोवर आपण काय करतो? आपल्या कंपन्यांचा सीएसआरचा पैसा दरवर्षी झाडं लावतो आणि त्याच खड्ड्यात पुढच्या वर्षी परत लावतो. आपण दहा जण मिळून एका माणसाचा पगार सहज देऊ शकतो. वीकेंडला माणशी एक हॉटेल कमी केलं तरी. मला देणगी म्हणून नकोय हे. ही नोकरी आहे, हिला पगार हवा, पीएफ हवा, आणि दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या नाटककाराच्या घरी दुसरी अशीच मुलगी हवी. त्या पिढीतले जे आज आपल्यात आहेत ते बोटांवर मोजता येतात.

मी आमच्या टीममध्ये विचारलं. चौघं तयार झाले. पाचवा म्हणाला, "पण ते अजून आहेत ना?" त्याला मी ह्या शनिवारी बरोबर घेऊन जाणार आहे. आणि कुणाकडे सव्वापाच इंची फ्लॉपी वाचणारा चालू ड्राइव्ह असेल तर हवाय, डब्याच्या तळाशी त्या तीन निघाल्यात.

वहीत सध्या १८३ प्रश्न आहेत. गेल्या शनिवारी पाच झाले, त्यातल्या दोघांपुढे "आठवत नाही". मार्चपर्यंत अकरा शनिवार उरलेत.